कोटीपोटातील बुरशीचे पोषण आणि गंधकाचे महत्त्व

वाराणसी परिसरातील गंगातिरी गाय वर्षाचा मोठा काळ गव्हाच्या भुशावर काढते, तर मराठवाड्यातील देवणी जनावरांना ज्वारीच्या कडब्याचा आधार असतो. हे दोन्ही वैरणप्रकार तंतुमय, कठीण आणि प्रथिनांनी गरीब असतात. ते पचविण्याचे काम जनावरापेक्षा त्याच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवच अधिक करतात. जिवाणू आणि आदिजीव यांच्याबरोबर तेथे बुरशीही असते. मात्र आहार ठरविताना तिचा विचार क्वचितच होतो.

कोटीपोटातील द्रवात पोहणारे, शेपटीसारखे तंतू असलेले सूक्ष्म जीव विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसले होते. परंतु त्यांची गणना दीर्घकाळ आदिजीवांत होत राहिली. ते बुरशीचे बीजाणू आहेत, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीवरील अभ्यासातून १९७५ साली दाखविले. कीटकांच्या कवचात आढळणारे कायटिन या बुरशीच्या पेशीभित्तिकेत सापडल्याने त्याला पुष्टी मिळाली. भारतातही या गटाचा अभ्यास होत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी शेळीच्या कोटीपोटातून मिळविलेल्या अशा बुरशीचे 'लीबेटान्झोमायसिस' हे नवे कुल २०१८ साली नोंदविले.

हे बीजाणू पोहत जाऊन ताज्या गिळलेल्या वैरणीच्या तुकड्यांना चिकटतात, रुजतात आणि मुळांसारखे तंतू उतींमध्ये घुसवितात. लिग्निनचा उपयोग त्यांना अन्न म्हणून होत नाही. पण लिग्निनयुक्त उती आतून भेदल्या गेल्याने काडी कमकुवत होते आणि जिवाणूंनाही वाट मिळते. बुरशीचे जीवनचक्र साधारणतः एक ते दीड दिवसाचे असते. त्यामुळे कोटीपोटात जास्त काळ रेंगाळणाऱ्या तंतुमय वैरणीवर ती चांगली वाढते.

या बुरशीच्या गरजा ठरलेल्या आहेत. ऊर्जेसाठी तिला सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांपासून सुटणाऱ्या शर्करा लागतात. नत्राची गरज अमोनियातून भागते, तरी अमिनो आम्ले मिळाल्यास वाढ सुधारते. अभ्यासलेल्या जातींना बायोटिन व थायमिन ही जीवनसत्त्वे, तसेच हीम हा लोहयुक्त घटक लागतो. शिवाय प्राणवायूचा अभाव, सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमान आणि जवळपास उदासीन सामू या अटी आहेतच. धान्याचा खुराक एकदम वाढविल्यास सामू घसरतो आणि तंतू पचविणाऱ्या सर्वच सूक्ष्मजीवांची हानी होते.

यांतील सर्वाधिक दुर्लक्षित गरज गंधकाची आहे. या बुरशीला गंधक सिस्टीन किंवा सल्फाइड अशा स्वरूपात लागतो. सल्फेट ती थेट वापरत नाही. आहारातील सल्फेटचे सल्फाइड जिवाणू करतात आणि मग ते बुरशीच्या उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांवरील एक प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. गंधकाची कमतरता असलेले गवत खाणाऱ्या मेंढ्यांत बुरशी जवळजवळ आढळली नाही. त्याच जातीचे गवत गंधकाचे खत देऊन वाढविले, तेव्हा बुरशी मुबलक झाली आणि मेंढ्यांचे वैरण खाण्याचे प्रमाणही वाढले.

याचा शेताशी थेट संबंध आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असतो, डीएपीमध्ये तो जवळजवळ नसतो. केवळ डीएपी व युरिया वापरत राहिलेल्या, गंधक कमी असलेल्या जमिनीतील कडबा गंधकातही उणा राहू शकतो. म्हणून माती परीक्षणात गंधकाची तपासणी करून घ्यावी आणि कमतरता आढळल्यास सुपर फॉस्फेट किंवा जिप्समचा वापर करावा.

आहारातही तोल हवा. युरिया प्रक्रियेने वैरणीतील नत्र वाढतो, गंधक वाढत नाही. सामान्यतः नत्राच्या १० ते १५ भागांमागे गंधकाचा १ भाग असावा. त्यासाठी गंधकयुक्त खनिज मिश्रण आणि पेंड यांची जोड द्यावी. पूर्व उत्तर प्रदेशात सहज मिळणाऱ्या मोहरीच्या पेंडीत गंधकयुक्त घटक चांगल्या प्रमाणात असतात.

मात्र गंधकाचा अतिरेक घातक आहे. आहारातील शुष्क पदार्थाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक गंधक गेल्यास मेंदूचा विकार होऊन जनावर दगावू शकते. त्यामुळे शुद्ध गंधकाची पूड अंदाजाने चारू नये. मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी टंचाईच्या काळात आहाराचा सल्ला देताना वैरण किती आहे याबरोबरच ती पचविणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र व गंधक पुरेसे मिळतात का, हेही पाहावे. हा तोल साधल्यास उपलब्ध कडबा आणि भुसा जनावराच्या अंगी अधिक लागेल.