मुलींची पाळी व अंतःस्राव

तुडीलसारख्या महाड तालुक्यातील गावी पुष्कळ मुलींना पहिली पाळी येते ती पाचवी ते सातवीच्या वर्गात असतानाच. घरी विटाळाचे दिवस चोख मोजले जातात. रक्त किती गेले हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शिक्षकबंधुभगिनींनी या दुसऱ्या हिशेबाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयांस संदेश धाडते. अंडाशयातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर वाढविते, व बीज सुटल्यावर निर्माण होणारे प्रोजेस्टेरॉन ते सावरून धरते. दोन्ही ओसरली म्हणजे अस्तर रक्तासह गळून पडते. पहिली दोनतीन वर्षे बीज दर महिन्यास सुटतेच असे नाही. म्हणून पाळी कधी लांबते, तर कधी जोराने येते. या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर व २ ते ७ दिवसांचा स्राव स्वाभाविक समजावा.

काळपट स्रावास 'घाण रक्त' म्हणण्याची रीत आहे, ती चुकीची होय. सावकाश बाहेर पडणारे रक्त प्राणवायूने काळवंडते, इतकेच. लक्ष द्यावयाचे ते परिमाणाकडे व अंतराकडे. तासा-दोन तासांत पॅड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांनंतरही स्राव चालू राहणे, तीन महिने पाळी न येणे, अथवा पंधरावे वर्ष पुरे होऊनही ती सुरूच न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. अवटू ग्रंथी मंदावल्यास स्राव वाढू शकतो. पाळी लांबून चेहऱ्यावर राठ केस व पुटकुळ्या येत असतील, तर पुरुषी संप्रेरके वाढल्याचा संभव असतो. कधी दोष ग्रंथींचा नसून रक्त न गोठण्याचाही असतो. हा निवाडा तपासणीनेच व्हावयाचा. शिक्षकाने तो करू नये.

वेळीच कारण न शोधल्याची किंमत बीड जिल्ह्यात दिसून आली. तेथील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या २०१९ मधील शासकीय पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तारुण्यातील स्त्रियाही होत्या. अतिस्राव, अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येकींवर थेट शस्त्रक्रिया झाली. पिशवीबरोबर अंडाशयेही काढल्यास संप्रेरकांचा झराच आटतो, व हाडे अकाली ठिसूळ होऊ लागतात.

आपल्या हाती हजेरीपत्रक आहे. एखादी मुलगी दर महिन्यास चारपाच दिवस गैरहजर राहते, किंवा प्रार्थनेस उभी असता तिला घेरी येते, हे प्रथम आपल्यालाच कळते. कारण मात्र पत्रकात लिहू नये, व वर्गात विचारू नये. शाळेत शिक्षिका नसल्यास आशाताईंकरवी आईस निरोप द्यावा आणि पाळीच्या तारखा घरच्या कालनिर्णयावर खुणावून ठेवण्यास सांगावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. सहावीपासून आठवड्यास दिली जाणारी लोहाची गोळी जेवणानंतर, आपल्यासमोर घ्यावयास लावावी. ती गेलेले रक्त भरून काढण्यास साह्य करते, स्राव थांबवीत नाही. तेव्हा गोळी चालू आहे म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नये.