पेटीतली संगीन काय सांगते?

आठवीच्या वर्गात १८५७ चा धडा सुरू होता. बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिली, हे सांगत होतो. मागच्या बाकावरचा मुलगा उठला, "सर, आमच्या घरी त्याच लढाईतली संगीन आहे. दादी सांगते, खापरपणजोबांनी ती इंग्रजांवर चालवली."

जुम्म्याच्या नमाजनंतर मी त्यांच्या घरी गेलो. दादीने लोखंडी पेटीतून ओढणीत गुंडाळलेली संगीन काढली. म्हणाली, "बेटा, हिच्यावर काही लिहिलंय. वाचून सांग."

संगिनीची पहिली ओळख आकारावरून होते. सत्तावनच्या काळातील पायदळ शिपायाच्या संगिनीला सहसा मूठ नसे. तिकोनी अणकुचीदार पाते आणि मागे नळी. ती नळी बंदुकीच्या तोंडावर चढवत. समोरच्या संगिनीला मात्र लाकडी मूठ होती, पाते सरळ आणि सुमारे १७ इंचांचे. पात्यावर लांब खोबण होती. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते, असे लोक सांगतात. खरे तर ती पाते हलके करण्यासाठी असते.

दुसरी ओळख शिक्क्यांची. मुठीजवळ पात्यावर मुकुट, त्याखाली इंग्रजीत 'जी आर', म्हणजे राजा पाचवा जॉर्ज. मग १९०७. "१९०७ साली बनली!" मुलगा म्हणाला. इथेच पुष्कळ जण चुकतात. १९०७ हे नमुन्याचे साल. त्याखाली १० आणि १७ हे आकडे होते: ऑक्टोबर १९१७. ही बनवल्याची तारीख. शेजारी विल्किन्सन हे कारखान्याचे नाव. दुसऱ्या बाजूला बाण, म्हणजे सरकारी माल. आणि फुली, म्हणजे पाते वाकवून तपासल्याची खूण. आपल्याकडच्या ईशापूर कारखान्यात बनलेल्या संगिनीवर 'आर एफ आय' असते.

म्हणजे सत्तावनची गोष्ट या संगिनीची नव्हती. ही इंग्रज राजाच्या फौजेची. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. इराकच्या आघाडीवर कित्येक हिंदी मुसलमान शिपाई तुर्कांसमोर उभे होते. मी हे सांगितले आणि दादी गप्प झाली. मग हळूच विचारले, "म्हणजे आमचे बुजुर्ग इंग्रजांकडून लढले?"

मी म्हणालो, "दादी, ती कधी आणि कोणासाठी बनली, एवढंच हे लोखंड सांगतं. कोणाच्या हातात होती, ते सांगत नाही. कदाचित नंतर कुणी बाजारातूनही घेतली असेल."

मुठीच्या टोकावर किंवा आडव्या पट्टीवर कधी कधी पलटणीची खूण असते. ती सापडली असती तर पुढचा शोध घेता आला असता. पण दरवर्षी ईदच्या साफसफाईत पॉलिश पेपरने घासून दोन्ही जागा गुळगुळीत झाल्या होत्या. घरच्यांनी प्रेमाने घासले, आणि पुरावा गेला.

ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी ती घासू नये. मऊ कापडाने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते. शिक्क्यांचे फोटो काढून ठेवावेत. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब पात्याच्या हत्यारांत संगिनीचे नाव आहे. म्हणून आपल्या भागात परवाना लागतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. आखातातल्या नातेवाइकाने मागितली तरी पाठवू नये. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

निघताना मी मुलाला वहीच्या पानावर दोन रकाने आखायला सांगितले: 'पाहिलेले' आणि 'ऐकलेले'. पहिल्यात शिक्के उतरवले. दुसऱ्यात खापरपणजोबांची गोष्ट. दादी म्हणाली, "माझी गोष्ट खोडू नको." मी म्हणालो, "खोडत नाही, दादी. फक्त तिची सनद अजून सापडलेली नाही."

तिने ते पान संगिनीसोबत ओढणीत ठेवले आणि पेटी बंद केली.