परदेशी गृहोपयोगी उपकरणे आणि मुंबईच्या उपनगरांतील मालकांचे मत : एक विवेचन

प्रस्तावना

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर भारतीय बाजारपेठेत जे बदल झाले त्यांचा सर्वांत दृश्य परिणाम मध्यमवर्गीयांच्या स्वयंपाकघरात दिसतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह ओव्हन यांवरील नावे एका पिढीच्या आत बदलली. या बदलाचा अभ्यास वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत विपुल प्रमाणात होतो. परंतु त्यातील बहुतेक अभ्यास खरेदीदाराच्या पसंतीपाशी थांबतो. कोणता ब्रँड आवडतो, जाहिरातीचा प्रभाव किती, किंमत महत्त्वाची की दर्जा, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांचे तक्ते मांडले जातात.

खरेदीदार व मालक ही एकच व्यक्ती असली तरी त्या दोन भिन्न भूमिका आहेत. खरेदीदाराचे मत दुकानात, जास्तीत जास्त काही आठवड्यांत तयार होते. मालकाचे मत मात्र दहा-बारा वर्षे तयार होत राहते आणि ते नळाचे पाणी, विजेचे बिल, दुरुस्ती करणारा कारागीर व सुटे भाग यांच्या अनुभवातून घडते. परदेशी कंपनी नव्या बाजारपेठेत टिकते की नाही, हे प्रामुख्याने या दुसऱ्या मतावर अवलंबून असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनासाठी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या उपनगरांची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उदारीकरणापूर्वीचा काळ 'स्वदेशी' होता असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. विक्रोळीत पाय रोवलेल्या गोदरेजने १९५८ मध्ये फ्रीजचे उत्पादन सुरू केले. व्होल्टास ही १९५४ मध्ये टाटा समूह आणि व्होलकार्ट ब्रदर्स या स्विस पेढीच्या सहकार्यातून उभी राहिलेली कंपनी. फ्रीजच्या दारावरील केल्व्हिनेटर हे नाव मूळचे अमेरिकन. म्हणजे परदेशी तंत्रज्ञान व परदेशी नावे येथे होतीच. फरक एवढाच की ती भारतीय कारखान्यामार्फत ग्राहकापर्यंत येत असत आणि स्पर्धा मर्यादित होती.

या काळातील एक उदाहरण आजच्या विषयावर विशेष प्रकाश टाकते. मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांच्या घरी ब्राऊन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. ओले-सुके वाटण करताना त्याची मोटार जळाली आणि भारतात तिची दुरुस्ती होऊ शकेना. माथूर यांनी त्यावर उपाय म्हणून भारतीय वाटणाचा भार पेलणारी मोटार स्वतःच तयार केली. त्यातून १९६३ मध्ये उद्योग उभा राहिला आणि पुढे 'सुमीत' हे नाव घरोघरी पोहोचले. मूळ जर्मन यंत्रात दोष होता असे नाही. ते ज्या स्वयंपाकघरासाठी बनविले होते, तेथे सुके खोबरे, भिजवलेली डाळ किंवा चटणी वाटली जात नव्हती. यंत्र उत्तम असूनही मालकाचे मत प्रतिकूल होऊ शकते, याची दोन कारणे या उदाहरणात एकत्र दिसतात : स्थानिक वापराशी विसंगती आणि दुरुस्तीचा अभाव. पुढील साठ वर्षांत कारणांची ही जोडी वारंवार समोर आलेली आहे.

प्रवेशाचे मार्ग

१९९१ नंतर परदेशी कंपन्यांनी स्थूलमानाने तीन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग भागीदारीचा. १९९० च्या दशकात गोदरेज व अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक (जीई) यांनी संयुक्त कंपनी स्थापन केली. दुसरा मार्ग चालू कारखाना विकत घेण्याचा. व्हर्लपूलने १९९५ मध्ये केल्व्हिनेटर ऑफ इंडियाचा ताबा घेतला. तिसरा मार्ग स्वतःच्या नावाने व स्वतःच्या गुंतवणुकीने येण्याचा. सॅमसंग १९९५ मध्ये व एलजी १९९७ मध्ये या मार्गाने आली. २००४ मध्ये चीनची हायर आली.

भागीदारीच्या मार्गाने येणाऱ्या कंपनीला तयार दुकाने व तयार दुरुस्ती-जाळे मिळते, परंतु मालकाच्या मनात विश्वास भारतीय भागीदाराविषयीच राहतो. कारखाना विकत घेणाऱ्याला उत्पादन तत्काळ मिळते, पण जुन्या नावाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. स्वतंत्रपणे येणाऱ्याला सर्व काही शून्यातून उभारावे लागते. मात्र मालकाचे मत अनुकूल झाले तर त्याचे श्रेय कोणाशी वाटून घ्यावे लागत नाही. कोरियन कंपन्यांनी कारखाने येथे उभारले, सेवाकेंद्रे वाढविली आणि उत्पादनात स्थानिक बदल केले. एलजीने नोएडानंतर २००४ मध्ये पुण्याजवळ रांजणगाव येथे दुसरा कारखाना सुरू केला. हायरनेही २००७ मध्ये रांजणगावातच कारखाना घेतला. जवळचा कारखाना म्हणजे सुटा भाग लवकर मिळणे, असा अर्थ मालक लावतो आणि तो अगदीच चुकीचा नाही.

मालकाचे मत घडविणारे घटक

१) पाणी, वीज व जागा : मुंबईत महापालिकेचे पाणी ठराविक वेळी येते, इमारतीच्या टाकीतून ते घरात उतरते. वरच्या मजल्यांवर, टाकीच्या लगत असलेल्या घरांत नळाला पुरेसा दाब नसतो. पूर्णपणे स्वयंचलित मशीनला पाण्याचा किमान दाब लागतो. तो नसेल तर मशीन पाण्याची वाट पाहत थांबते. अशा घरांत दोन टबांचे अर्धस्वयंचलित मशीन दीर्घकाळ लोकप्रिय राहिले, कारण त्यात बादलीने पाणी ओतता येते. याला मागासलेपण समजणे योग्य नाही. उपलब्ध सोयींशी केलेला तो शहाणपणाचा मेळ आहे. जेथे टँकरचे वा कूपनलिकेचे जड पाणी वापरावे लागते, तेथे मशीनमध्ये क्षार साचतात. जागेचाही प्रश्न असतो. एक खोली व स्वयंपाकघर एवढ्या घरात मशीन मोरीत किंवा गॅलरीत ठेवावे लागते आणि दमट, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.

विजेबाबत उपनगरे एकसारखी नाहीत. मुलुंड महावितरणच्या क्षेत्रात येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील वीजपुरवठा पूर्वी बीएसईएस, नंतर रिलायन्स एनर्जी व २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. विजेच्या बिलाविषयी जागरूक असलेल्या मालकाच्या दृष्टीने ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २००६ मध्ये सुरू झालेली तारांकन योजना महत्त्वाची ठरली. दंवमुक्त फ्रीज व वातानुकूलन यंत्रांसाठी ती २०१० मध्ये सक्तीची झाली. देशी की परदेशी, या प्रश्नाला समोरासमोर तुलना करता येईल असे एक माप प्रथमच उपलब्ध झाले.

२) आहार, वस्त्र व ऋतू : पाश्चात्त्य कुटुंबासाठी आखलेल्या फ्रीजमध्ये गोठविलेल्या पदार्थांना प्राधान्य असते. घाटकोपर-मुलुंडच्या शाकाहारी गुजराती कुटुंबाला किंवा आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या नोकरदार मराठी गृहिणीला मोठा भाजीचा कप्पा हवा असतो. साडी ही लांब व गुंतणारी. म्हणून कंपन्यांना साडीसाठी स्वतंत्र सोय करावी लागली. वीज गेल्यावर जेथे काम थांबले तेथूनच पुन्हा सुरू करणारी यंत्रणाही भारतीय परिस्थितीतून आली. आणि मुंबईच्या पावसाळ्यात मालक मशीनची परीक्षा एकाच कसोटीवर घेतो : कपडे किती पिळून निघतात? जुलैमध्ये घरातल्या दोरीवर दोन दिवस ओले राहणारे कपडे कोणत्याही जाहिरातीचा प्रभाव पुसून टाकतात.

३) वापरणारा हात : उपनगरातील अनेक घरांत यंत्र मालकाचे असले तरी ते चालविते घरकाम करणारी बाई. माहितीपुस्तिका इंग्रजीत, बटणांवरील शब्द इंग्रजीत. बाई मात्र बटणाची जागा व आवाज लक्षात ठेवून काम करते. तिने 'हे मशीन बरे नाही' असे म्हटले की त्या मताला घरात वजन असते. तरीही आपल्या प्रश्नावलीत तिच्यासाठी रकाना नसतो.

४) दुरुस्ती : जुन्या यांत्रिक फ्रीजमध्ये गॅस भरणे, थर्मोस्टॅट बदलणे ही कामे गल्लीतला कारागीर करीत असे. आता नियंत्रण इलेक्ट्रॉनिक कार्डावर गेले आहे. ते विशिष्ट कंपनीचे व विशिष्ट मॉडेलचे असते. त्याला पर्याय लॅमिंग्टन रोडवरही सहजी सापडत नाही. त्यामुळे मालक पूर्णतः कंपनीच्या सेवाकेंद्रावर अवलंबून राहतो. हमीचा काळ संपल्यानंतरची पहिली दुरुस्ती हीच मालकाच्या मताची खरी कसोटी होय.

कंपनी निघून जाते तेव्हा

प्रवेशाचा अभ्यास होतो तसा निर्गमनाचा होत नाही. जीई २००१ मध्ये गोदरेजबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडली. गोदरेज येथेच असल्यामुळे मालक वाऱ्यावर सुटला नाही, हा भागीदारीच्या मार्गाचा उशिरा लक्षात येणारा लाभ होय. पुढे २०१६ मध्ये जीईचा गृहोपयोगी उपकरणांचा जागतिक व्यवसायच हायरने विकत घेतला.

केल्व्हिनेटरची कथा अधिक बोधप्रद आहे. १९९५ मध्ये कारखाना व्हर्लपूलकडे गेला. नावाचा जागतिक हक्क मात्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे होता; त्यामुळे कालांतराने कारखाना एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे अशी स्थिती झाली. इलेक्ट्रोलक्सने २००५ मध्ये आपला भारतीय व्यवसाय व्हिडिओकॉनला विकला. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) विस्तारलेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२५ मध्ये केल्व्हिनेटर हे नाव रिलायन्स रिटेलने घेतले. आजोबांनी घेतलेला केल्व्हिनेटर आणि नातवाने घेतलेला केल्व्हिनेटर यांत नावाखेरीज समान काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. मालक नावावर विश्वास ठेवतो. परंतु त्याच्या घरी असते ते यंत्र, आणि यंत्राची जबाबदारी नावाबरोबर जातेच असे नाही.

प्रस्तुत लेखिकेला याचा अनुभव मुलुंड येथील राहत्या घरी आला. वडिलांनी घेतलेले एका परदेशी कंपनीचे वॉशिंग मशीन सात वर्षे विनातक्रार चालले. त्यानंतर त्याच्या दाराचे रबर फाटले. कंपनीने तोपर्यंत येथील व्यवहार आवरता घेतला होता. मोटार, ड्रम, कार्ड सर्व ठीक असताना केवळ एका रबरासाठी ते मशीन भंगारात द्यावे लागले. वडिलांचे त्या मशीनविषयीचे मत सात वर्षे उत्तम होते आणि एका महिन्यात ते पूर्ण पालटले. तिसऱ्या वर्षी सर्वेक्षण झाले असते तर त्यांनी त्या कंपनीला सर्वाधिक गुण दिले असते.

संघटित मत व कायदा

एकट्या मालकाचे मत कंपनीपर्यंत पोहोचत नाही. संघटित मत पोहोचते. या बाबतीत मुंबईची परंपरा जुनी आहे. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया १९६६ मध्ये येथेच स्थापन झाली. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. विलेपार्ल्यातून तिचे कार्य उपनगरांत पसरले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीला न्यायासन मिळाले. २०१९ च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२० मध्ये अंमलात आला, ग्राहकाला तो राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने संकेतस्थळ सुरू केले असून त्यावर कंपन्यांनी दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. माहिती उपलब्ध होणे हा हक्काचा आरंभ आहे. कंपनी गेल्यानंतर सुटा भाग कोण पुरविणार, या प्रश्नाचे उत्तर केवळ माहितीने मिळत नाही.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) परदेशी नावाचे आकर्षण खरेदीपुरते असते, मालकाचे मत स्थानिक पाणी, वीज, आहार, ऋतू व दुरुस्ती यांवर ठरते.

२) ज्या कंपन्यांनी स्थानिक उत्पादन व सेवा उभारली त्या टिकल्या, म्हणून मालकाच्या दृष्टीने 'देशी-परदेशी' हा भेद हळूहळू 'दुरुस्त होणारे व न होणारे' या भेदात रूपांतरित झाला आहे.

३) कंपनीच्या निर्गमनाचा भार आज मुख्यतः मालकच सोसतो.

अध्यापकांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना संभवते. आपल्या महाविद्यालयांत वाणिज्य व व्यवस्थापनाचे विद्यार्थी दरवर्षी ब्रँड-पसंतीवरील प्रकल्प करतात आणि प्रश्नावली बहुधा नुकतीच खरेदी केलेल्यांना दिली जाते. त्याऐवजी उपकरणाचे वय, हमीनंतरची पहिली दुरुस्ती, सुटा भाग मिळण्यास लागलेला काळ आणि उपकरण प्रत्यक्ष कोण वापरते, हे चार प्रश्न जोडावेत. विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावे लागणार नाही. त्याच्या स्वतःच्या इमारतीत पुरेशी यंत्रे आहेत. तसेच उत्तरदात्यांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया व परिसरातील दुरुस्ती कारागीर यांचा समावेश करावा. असे प्रकल्प काही वर्षे सातत्याने झाले तर महाविद्यालयाकडे आपल्या उपनगराची अशी नोंद तयार होईल, जी कंपन्यांच्या विक्री-आकडेवारीत सापडत नाही आणि जी ग्राहक संघटनांना थेट उपयोगी पडेल.