सोसेल असे भाजीचे सूप

"डॉक्टर, दुधाने पोट फुगते, चपातीने गुडगुडते, डाळीने गॅस होतो. मग खायचे तरी काय?" वाघोलीतल्या दवाखान्यात ही तक्रार नेहमीची आहे. मंडळी ऐकीव सल्ल्याने एकेक पदार्थ बंद करत जातात आणि शेवटी भात व लिंबूपाण्यावर येतात. मग वजन उतरते, थकवा येतो. अशांना मी घरी केलेले सूप सांगतो. मात्र सूप म्हणजे भाज्यांचे नुसते पाणी नव्हे. त्यात डाळ हवीच. आपल्याकडचे मुगाचे कढण आठवा, त्यातच भाज्या घालायच्या आहेत.

दोघांसाठी मुगाची पिवळी डाळ 60 ग्रॅम, म्हणजे मूठभर घ्यावी. एवढ्या डाळीतून सुमारे 14 ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळीने गॅस होत असेल तर ती दोन-तीन तास भिजवून पाणी टाकून द्यावे व सुरुवातीला निम्मीच वापरावी. पाव किलो दुधी, गाजर व लाल भोपळा, चमचाभर तांदूळ आणि चार वाट्या पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या कराव्यात व रवीने घोटावे. तांदळाने सूप दाट होते, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकावा, त्याची विषबाधा जिवावर बेतू शकते.

कांदा-लसूण न सोसणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. लसणातला त्रासदायक घटक पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून लसणाची पाकळी तेलात परतून काढून टाकावी, स्वाद तेवढा राहतो. मग जिरे, हळद, किसलेले आले घालून ही फोडणी सुपावर ओतावी. मीठ, लिंबू चवीपुरते.

हिंग मुद्दाम सांगितला नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. गहू वर्ज्य असलेल्या घरात पोळी बंद होते आणि फोडणीतून गहू पोटात जातच राहतो! पाकिटातल्या सुपाचेही तसेच. नगर रस्त्यावरून उशिरा घरी पोचणाऱ्या नोकरदारांना ते सोयीचे वाटते, पण मैदा, दुधाची भुकटी, सोया यांपैकी काही ना काही त्यात असू शकते. 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार असे घटक पाकिटावर जाहीर करावे लागतात. ते बारीक अक्षर वाचावे.

तीन-चार दिवस हे सूप सोसले की एका वेळी एकच नवा पदार्थ वाढवावा आणि वहीत नोंद ठेवावी. दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक चालते, कारण विरजणामुळे दुधातली साखर कमी होते. पण दुधाची खरी ॲलर्जी असणाऱ्याने ताक-तूप दोन्ही टाळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय हे सूप घेऊ नये, भाज्यांतले पोटॅशियम त्या पाण्यात उतरते.

गहू बाधतो अशी शंका असेल तर तो बंद करण्याआधी सिलिॲक आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू सोडून काही महिने झाले की तपासणी निर्दोष दिसू शकते आणि निदान हुकते. मुलाची वाढ खुंटली असेल तर ही तपासणी लांबवू नये.

आणि काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नये. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन लागते, तेही मिनिटांत. थेट रुग्णालय गाठावे.