विश्लेषण : अंगणातले किडे खरेच कमी झाले का? उत्तर वहीत सापडेल

पहिला पाऊस पडला की जुना जालन्यातल्या ओट्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते. पूर्वी दिव्याखाली पाखरांचा खच पडायचा, आता काहीच येत नाही. लिंबावरची फुलपाखरे, मृगाचे मखमली किडे, तुळशीवरच्या माश्या यांच्याबद्दलही असेच बोलले जाते. यात खरे किती आणि आठवणीचा भास किती? ते ठरवण्याची रीत सोपी आहे आणि जालना जिल्ह्याला ती नवी नाही.

किडे मोजण्याची सवय इथे आहेच

कपाशीच्या शेतात टांगलेले कामगंध सापळे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहेत. मादीच्या गंधाने शेंदरी बोंडअळीचे नर पतंग त्यात येतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले, की फवारणीचा निर्णय घेण्याची वेळ आली असे मानतात. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी राज्यात धुमाकूळ घातला. त्यानंतर २००९ पासून कृषी विभागाने ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यात ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी किडी मोजल्या जातात.

शहरात आरोग्य कर्मचारी घरोघरी रांजण, टाक्या, कूलर तपासतात. शंभर घरांमागे डासाच्या अळ्या असलेली भांडी किती, यावरून डेंगीचा धोका जोखतात.

म्हणजे नुकसान करणाऱ्या किड्याचा हिशेब ठेवला जातो. तुळशीच्या मंजिरीवर येणारी फुलोरी मधमाशी किंवा कढीपत्त्यावर अंडी घालणारे फुलपाखरू मात्र यांपैकी कुठल्याच तक्त्यात बसत नाही. तिथे उरते फक्त आठवण.

आठवण कुठे चकवते?

दिव्याचेच उदाहरण घ्या. रात्री उडणारे बहुतेक किडे अतिनील प्रकाशाकडे ओढले जातात. पूर्वीच्या मर्क्युरी दिव्यांतून हा प्रकाश भरपूर यायचा. एलईडीतून जवळजवळ येतच नाही. त्यामुळे दिवा बदलला तरी पाखरे कमी दिसतात, किडे तेवढेच असले तरी! उलट बाजूने, शहर उजळल्याचा रात्रीच्या पतंगांना त्रास होतो हेही खरेच. पण दिव्याखालच्या खचावरून यातले काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा चकवा ऋतूचा. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांनी उत्तर सह्याद्रीतल्या चार अधिवासांत केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुलपाखरे सर्वाधिक असतात, असे त्यात दिसले. ऑक्टोबरातल्या आठवणीची तुलना एप्रिलमधल्या अंगणाशी केली तर ‘फुलपाखरे संपली’ हाच निष्कर्ष निघणार. त्यात मराठवाड्याचा पाऊस. २०१२ सारख्या दुष्काळात झाडांना पालवीच धड फुटत नाही आणि कोवळी पाने खाणाऱ्या अळ्यांचे हाल होतात. अशा एका वर्षावरून कल ठरवता येत नाही.

चतुरांचेही तसेच. पावसाळ्यात मैदानावर शेकडो पिवळसर चतुर घिरट्या घालताना दिसतात. त्यांत मोठा वाटा असतो तो समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाणाऱ्या स्थलांतरी जातीचा. ते पाहुणे आहेत. त्यांच्या थव्यावरून आपल्या अंगणाचे बरे चालले आहे असे समजू नये.

आणि तिसरी गोष्ट. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेलेच मूळ प्रमाण मानते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये हे माशांच्या बाबतीत मांडले. आजोबांना जे कमी वाटले असेल, तेच नातवाला भरपूर वाटते.

जगात नोंदी काय सांगतात?

जर्मनीतल्या ६३ संरक्षित क्षेत्रांत एकाच पद्धतीचे सापळे लावून उडणाऱ्या किड्यांचे वजन करण्यात आले. २७ वर्षांत ते ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले आणि खळबळ उडाली. पण २०२० मध्ये जगभरातले १६६ अभ्यास एकत्र पाहिल्यावर चित्र एवढे सरळ नव्हते. जमिनीवरचे किडे दशकाला सुमारे ९ टक्के कमी होत होते. गोड्या पाण्यातले सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होते. तेव्हा ‘किडे कमी झाले का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणते किडे, कुठले, कधीपासून, हे विचारावेच लागते.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस

हा गुंता समजायला जास्वंदीएवढे चांगले उदाहरण नाही. २००५ च्या सुमारास देशात कपाशीवर एक परका पिठ्या ढेकूण पसरला. मूळ उत्तर अमेरिकेतला हा किडा कपाशीपुरता थांबला नाही. गाजर गवत आणि अंगणातली जास्वंदही त्याला चालते. फांद्यांवर कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात ते त्याचेच. अंगावर मेणाचा थर असल्याने वरून मारलेले औषध त्याला नीट लागत नाही.

मग त्याला आवर घातला कोणी? २००८ च्या सुमारास भारतात या ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी आढळली. तिची लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. तिची अळी ढेकणाला आतून खाते. मेलेला ढेकूण फुगून तपकिरी, टणक होतो आणि शेवटी त्याला गोल भोक पाडून माशी बाहेर पडते. ही माशी जिथे टिकली तिथे ढेकणाचा जोर ओसरला. जिथे दर आठवड्याला फवारे मारले गेले तिथे ढेकणाआधी माशीच मेली.

म्हणून जास्वंदीवर पुंजका दिसला की आधी त्यात तपकिरी, भोकाचे ढेकूण आहेत का ते पाहावे. असतील तर औषधाची बाटली आतच राहू द्यावी.

जालन्याचे यात काय अडले?

जालना ही बियाण्यांची बाजारपेठ. जिल्ह्यात कांद्याचे बीजोत्पादनही होते. कांद्याच्या फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातून आणावा लागतो, आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. गोंडे फुलले असताना फवारणी झाली की माश्या मरतात आणि बी कमी भरते. परसातल्या दोडक्याचे, भोपळ्याचे नर आणि मादी फूल वेगळे असते. माशी आली नाही तर कोवळे फळ पिवळे पडून गळते.

एकेकट्या राहणाऱ्या बहुतेक माश्या जमिनीत बिळे करतात. अंगणभर पेव्हर ब्लॉक बसले, की त्यांचे घर गेले. कुंडलिकेच्या अलीकडे असो की पलीकडे नव्या जालन्यात, मातीचे अंगण आणि फरशीचे अंगण शेजारी-शेजारी असेल तर दोन्हीकडे मोजून फरक पाहता येतो.

मोजायचे कसे?

चार-पाच ओळखीचे किडे निवडावेत. लिंबू किंवा कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळ्या सोप्या. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. डिवचले तर डोक्यामागून दोन शिंगे काढून उग्र वास सोडतात. तुळशीवरच्या माश्या, मावा खाणारे ढालकिडे, रुईवरची फुलपाखरे हेही घेता येतात. मृगाचा मखमली किडा यादीत घालायला हरकत नाही, मात्र त्याला आठ पाय असतात. शास्त्रानुसार तो कोळ्यांचा नातेवाईक.

जागा एकच, वेळ एकच. दर पंधरा दिवसांनी सकाळी पंधरा मिनिटे पुरतात. तारीख, ऊन की ढग, वारा, झाडाला नवी पालवी होती का, शेजारी फवारणी झाली का, एवढे लिहावे. एका वर्षात फक्त ऋतू कळतो. कल दिसायला सलग काही वर्षे लागतात. ब्रिटनमध्ये फुलपाखरांची अशी मोजणी १९७६ पासून चालू आहे आणि तिचा मोठा भाग हौशी लोकच सांभाळतात.

ओळख पटत नसेल तर ‘आयनॅचरलिस्ट’ या मोफत अॅपवर फोटो टाकता येतो. जाणकार नाव सुचवतात. दरवर्षी सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरू महिनाही साजरा होतो. फक्त एक लक्षात ठेवावे. अॅपवर जे दिसले त्याचाच फोटो जातो. ज्या दिवशी तुळशीवर एकही माशी आली नाही, त्या दिवशीचे शून्य वहीतच लिहावे लागते, आणि घट शोधणाऱ्याला नेमके तेच शून्य हवे असते.