घरातली रेल्वे : रूळ सर्वांत शेवटी

मॉडेल रेल्वेचा पहिला संच घरी आला की बहुतेक जण आठ बाय चार फुटांचा प्लायवूड आणतात, त्यावर रुळांचं वर्तुळ मांडतात आणि उरलेल्या जागेत आणखी काय बसेल ते पाहू लागतात. आराखडा असाच करायचा असतो, हा या छंदातला सर्वांत मोठा गैरसमज. खोली केवढी, गाडी किती लांब आणि तिनं काम काय करायचं, हे आधी ठरलं पाहिजे. रूळ त्यानंतर. अमेरिकेतल्या जॉन आर्मस्ट्राँग यांचं आराखड्यावरचं पुस्तक १९६३ साली आलं, त्याचा भर गाड्या प्रत्यक्ष कशा चालवायच्या यावरच होता.

आठ बाय चारला जागा कमी लागते, हेही तितकंसं खरं नाही. चारही बाजूंनी फिरायला दोन-दोन फूट सोडले की बारा बाय आठची खोली गेली. कोपऱ्यात सरकवला तर पलीकडची कड चार फुटांवर जाते आणि माणसाचा हात आरामात पोचतो तो अडीच फुटांपर्यंत. डबा घसरणार तो नेमका तिथेच. त्याच खोलीत भिंतींच्या कडेनं दीड-दोन फूट रुंदीची फळी फिरवली आणि दारापाशी उचलता येणारा तुकडा ठेवला, तर धाव लांबते, वळणं मोठी होतात आणि उभं राहायला मधली जागा मोकळी राहते.

वळणांचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक आराखडे इथेच फसतात. ‘गाडी रुळावरून उतरत नाही ना, मग वळण चालेल’ असं म्हणतात. एचओ प्रमाण म्हणजे १ : ८७. आपला नेहमीचा आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर. जाणकारांचा ठोकताळा असा की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे इथे सुमारे ७३ सेंटीमीटर. आठ बाय चारवर जेमतेम ५५ बसते. मग डब्याचं पोट वळणाच्या आत लोंबतं, कोपरे बाहेर येतात आणि कपलिंग ओढलं जाऊन मधला डबा उचलला जातो. उजव्या वळणाला लगेच डावं वळण जोडलं तर आणखी वाईट. दोन्हींच्या मध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ हवाच.

खऱ्या रेल्वेशी तुलना करून पाहा. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत घट्ट वळण १० अंशांचं, त्रिज्या १७५ मीटर. १ : ८७ मध्ये ते दोन मीटर भरतं! म्हणजे घरात तडजोड अटळ आहे. ती कुठे करायची, एवढंच आपल्या हातात असतं. घट्ट वळण डोंगराआड किंवा बोगद्यात लपवा. नाहीतर गाडीच लहान निवडा: चारचाकी वाघिणी, किंवा मुळातच घट्ट वळणांवर धावणारी नेरळ-माथेरानसारखी नॅरोगेज.

चढाबद्दलही असाच उतावीळपणा दिसतो. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर एचओमध्ये साधारण साडेसात सेंटीमीटर उंची लागते. शेकडा दोनच्या चढानं ती गाठायला पावणेचार मीटर रूळ हवा, आणि तितकाच पुन्हा खाली उतरायला. भोर घाटाचा चढ १ : ३७ आहे, त्यासाठी कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लावावी लागतात. तो उतार घेतला तरी पावणेतीन मीटर जातातच. मॉडेलचं इंजिनही चढावर दमतं, वळणावरच्या चढावर जास्तच.

‘जितके रूळ जास्त, तितकी मजा जास्त.’ याला चोख उत्तर ब्रिटनमधल्या ॲलन राइट यांच्या ‘इंग्लनूक’ या शंटिंगच्या कोड्यानं दिलं आहे. दोन सांधे आणि तीन सायडिंग, अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणींची. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि ठरलेल्या क्रमानं गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात, आणि हे सगळं एका भिंतीवरच्या फळीवर मावतं. लूप लाइनही अशीच मोलाची. कोकण रेल्वेसारख्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबणारी गाडी घरातही खरी वाटते. मात्र लूपची लांबी हीच गाडीची कमाल लांबी, म्हणून ती आधी मोजा. सात डबे आणि इंजिन यांना दोन मीटर धरा. सात डबे कमी वाटतात? १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती सात डब्यांनीच.

डिजिटल कंट्रोल घेतला की वायरिंगची चिंता मिटते, हा आणखी एक समज. वळून त्याच रुळावर परत येणाऱ्या लूपमध्ये डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं, डिजिटलमध्येसुद्धा. गाडीपेक्षा लांब तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेट करून त्याची पोलॅरिटी बदलण्याची सोय करावीच लागते.

कागदावर हातानं काढलेले सांधे नेहमी खऱ्यापेक्षा आखूड पडतात, त्यामुळे बसलेला आराखडा प्रत्यक्षात बसत नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरा, सांधे मूळ मापात काढा, त्यावर डबे ठेवून पाहा आणि मगच प्लायवूडला करवत लावा.