नाईलकाठचं वर्ष आपल्याकडे कसं आलं

शिळफाट्यापासून खालापूर-कर्जतपर्यंतचा भातकरी राब भाजून ठेवतो आणि मृगाची वाट पाहतो. सूर्य मृगात जातो तो 7-8 जूनच्या सुमारास. इजिप्तचा शेतकरी अशीच वाट पाहायचा ती व्याधाची. सत्तरएक दिवस दिसेनासा झालेला हा तारा पहाटे पुन्हा उगवला, की नाईलला पूर येण्याचे दिवस आले, हे तो ओळखायचा.

गैरसमज : इजिप्तचं कॅलेंडर पुराशी अचूक जुळलेलं होतं.

वस्तुस्थिती : अचूक होता तो तारा, कॅलेंडर नव्हे. पूर, पेरणी आणि सुगी असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू, 30 दिवसांचे 12 महिने आणि वर जोडलेले 5 दिवस, मिळून 365. खरं सौरवर्ष त्याहून सुमारे पाव दिवसाने मोठं. त्यामुळे चार वर्षांत एक दिवस, 120 वर्षांत अख्खा महिना सरकायचा. पुराच्या नावाचे महिने कोरड्या हवेत येत. इ.स.पू. 238 मध्ये राजा तिसऱ्या टॉलेमीच्या काळात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा हुकूम निघाला, पण तो रुजला नाही. पुढे इ.स.पू. 46 मध्ये ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसच्या सल्ल्याने तीच सुधारणा रोमसाठी केली. आपल्या 29 फेब्रुवारीचं मूळ तिथे आहे.

गैरसमज : लीप दिवस नसलेलं वर्ष म्हणजे अडाणीपणा.

वस्तुस्थिती : हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. प्रत्येक वर्ष सारखंच असलं, की शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रहणापासून आजपर्यंतचे दिवस मोजणं सोपं जातं. म्हणूनच टॉलेमी या ज्योतिर्विदाने आपलं गणित इजिप्शियन वर्षांत मांडलं आणि 1543 च्या ग्रंथात कोपर्निकसनेही तेच वर्ष वापरलं.

गैरसमज : हे कॅलेंडर केव्हाच संपलं, आणि पतेती म्हणजे पारशी नववर्ष.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. खोपोलीत 1915 पासून टाटांचं वीजगृह आहे. ते टाटा ज्या पारशी समाजातले, त्यांचं शहेनशाही वर्ष आजही 365 दिवसांचंच आहे : 30 दिवसांचे 12 महिने आणि शेवटी 5 गाथा दिवस. इराणच्या कॅम्बिसिसने इ.स.पू. 525 मध्ये इजिप्त जिंकल्यावर हा साचा इराणात गेला, असं अनेक अभ्यासक मानतात. लीप दिवस नसल्यामुळे नवरोज, म्हणजे नववर्षाचा पहिला दिवस, अजूनही मागे सरकतो. 2020 ते 2023 तो 16 ऑगस्टला होता, 2024 पासून 15 ला आला आणि 2028 मध्ये 14 ला येईल.

पतेती हा त्या वर्षाचा अखेरचा दिवस, झाल्या चुकांबद्दल पश्चात्ताप करण्याचा. तेव्हा पारशी स्नेह्यांना पतेतीच्या दिवशी शुभेच्छा देऊ नका. दुसऱ्या दिवशी आवर्जून फोन करा आणि ‘नवरोज मुबारक’ म्हणा.